रिकाम्या काट्यावर ६५५ किलो: फंक्शनला दिलेल्या पूर्णांकाचे वरचे बिट कोणी साफ करायचे?

प्रश्न आर्णीकडच्या एका कापूस खरेदीच्या काट्याचा आहे. प्लॅटफॉर्म काट्याचं वजन १० ग्रॅमच्या एककात, १६ बिटांच्या साइन्ड (उणे आकडेही धरणाऱ्या) पूर्णांकात येतं. ते वाचणारा छोटा तुकडा असेंब्लीत (थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत) हाताने लिहिलेला आहे आणि तो सी भाषेतल्या बेरजेच्या फंक्शनला कॉल करतो. संगणक साधा ६४ बिटांचा इंटेल, त्यावर लिनक्स. जीसीसी या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम दोन हंगाम नीट चालला. यंदा तो क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बांधला, आणि दुपारी काटा रिकामा असताना पडद्यावर -०.१२ किलोऐवजी ६५५.२४ किलो दिसायला लागलं. डीबग बिल्डमध्ये (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून बांधलेल्या प्रोग्राममध्ये) मात्र आकडा बरोबर येतो. फंक्शनच्या आत ‘इंट१६_टी’चा, म्हणजे १६ बिटांच्या साइन्ड प्रकाराचा, कास्ट (प्रकार बदलण्याची खूण) घालूनही फरक पडला नाही, तेव्हा हा क्लँगचा बग समजायचा का, असं विचारलं आहे.

बग क्लँगमध्ये नाही, तुमच्या सी कोडमध्येही नाही. चूक असेंब्लीतल्या त्या एका लोड सूचनेत आहे आणि जीसीसीने ती दोन हंगाम झाकून ठेवली. ती कशी झाकली गेली हे समजलं, की उद्या हाच कोड एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या घराण्यांच्या प्रोसेसरच्या बोर्डावर नेल्यावर ती वेगळ्या रूपात आली तरी ओळखता येईल.

आधी उणे आकडा येतो कुठून ते पाहू, कारण काही जण त्यालाच बिघाड समजतात. सकाळी थंडाव्यात टेअर घेतलं (रिकाम्या काट्याचं शून्य ठरवलं), दुपारी उन्हाने प्लॅटफॉर्म आणि वजन मोजणारा लोडसेल तापले, की शून्य थोडं सरकतं. टेअर घेताना काट्यावर पडलेली रुई-सरकी नंतर झाडून टाकली तरी तेच. बारा एककं म्हणजे १२० ग्रॅम, तेही उणे. यात काहीच वावगं नाही. १६ बिटांत -१२ हा ६५५३६ वजा १२, म्हणजे ६५५२४ याच बिट-नमुन्यात साठवला जातो. हेक्समध्ये तो एफएफएफ४. तुमचा ६५५.२४ तोच. बिट एकही हरवलेला नाही, फक्त ते वाचताना चिन्ह गळलं आहे.

आता कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे फंक्शनला आकडे कसे द्यायचे-घ्यायचे याचा करार. लिनक्सवर ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी सिस्टिम-फाइव्ह एबीआय नावाचा करार चालतो. त्यात पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंटं (फंक्शनला दिलेले आकडे) अनुक्रमे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांतून (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागांतून) जातात, सातव्यापासून पुढची स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) प्रत्येकी ८ बाइटच्या खणात. रजिस्टर ६४ बिटांचं, तुमचं वजन १६ बिटांचं. मग उरलेल्या ४८ बिटांत काय असतं? पायलीच्या मापात कुडवभर तूर घेतली म्हणजे मापात दुसरं काही नाही असं होत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचे हरभरे तळाशी चिकटलेले असू शकतात. माप देणाऱ्याने झटकून द्यायचं की घेणाऱ्याने झटकून घ्यायचं, एवढाच करार असतो. तो प्रत्येक प्रोसेसरवर आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळा आहे, आणि सी भाषेचं मानक त्यावर काहीच बोलत नाही.

सिस्टिम-फाइव्हच्या लिखित करारात ८ आणि १६ बिटांच्या आर्ग्युमेंटाचे वरचे बिट अनेक वर्षं मोकळेच सोडलेले राहिले. पण जीसीसी स्वतः कॉल करताना असं आर्ग्युमेंट नेहमी ३२ बिटांपर्यंत वाढवून देत आलं: साइन्ड असेल तर चिन्हाचा बिट वर पसरवून, अनसाइन्ड असेल तर वर शून्यं भरून. बोलावलेल्या बाजूला असताना मात्र जीसीसी समोरच्यावर विसंबत नाही, पुन्हा स्वतः वाढवून घेतं. क्लँगने याच वहिवाटीवर भिस्त ठेवली. ते कॉल करताना वाढवून देतं, आणि बोलावलेल्या फंक्शनात समोरच्याने वाढवून दिलं आहे असं धरून चालतं. म्हणजे जीसीसी ते क्लँग, क्लँग ते जीसीसी, सगळं जुळतं. तिसरा कोणी मधे आला, म्हणजे हाताने लिहिलेली असेंब्ली, जेआयटी (प्रोग्राम चालतानाच कोड बनवणारा कंपायलर) किंवा नवा कंपायलर, की फट उघडी पडते.

हे जवळून पाहायचं तर एक छोटं फंक्शन घ्या: १६ बिटांचा साइन्ड पूर्णांक घेऊन तोच ‘इंट’ म्हणून परत करणारं. जीसीसी ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवर त्याचं ‘मूव्हएसडब्ल्यूएल डीआय, ईएएक्स’ करतं (डीआय हे आरडीआयच्या खालच्या १६ बिटांचं नाव, ईडीआय खालच्या ३२ चं; ईएएक्समधून उत्तर परत जातं). म्हणजे आरडीआयचे फक्त खालचे १६ बिट घ्या, चिन्हासकट ३२ पर्यंत वाढवा. क्लँग तिथे साधं ‘मूव्हएल ईडीआय, ईएएक्स’ करतं: खालचे ३२ बिट जसेच्या तसे घ्या. तुमच्या असेंब्लीने ईडीआयमध्ये ६५५२४ ठेवलं असेल तर पहिल्यात -१२ निघतो, दुसऱ्यात ६५५२४.

आणि तुमच्या असेंब्लीने तेच ठेवलं आहे, हे फाइल न उघडताही सांगता येतं. दरवेळी नेमका ६५५.२४ दिसतो, भलताच आकडा नाही. याचा अर्थ वरचे बिट कचऱ्याने नाही, शून्याने भरलेले आहेत. म्हणजे काट्याकडून आलेल्या माहितीच्या तुकड्यातून (फ्रेममधून) वजन उचलताना ‘मूव्हझेडडब्ल्यूएल’ वापरलं आहे, किंवा आधी रजिस्टर शून्य करून मग ‘मूव्हडब्ल्यू’ने डीआयमध्ये लिहिलं आहे. शून्य न करता नुसतं ‘मूव्हडब्ल्यू’ असतं तर वरचे ४८ बिट आधीचेच राहिले असते आणि दर वाचनाला वेगळा आकडा आला असता. (८ किंवा १६ बिटांचं लिखाण रजिस्टरचा बाकी भाग तसाच ठेवतं, ३२ बिटांचं लिखाण मात्र वरचे ३२ बिट आपोआप शून्य करतं. इंटेलच्या असेंब्लीत हा फरक बोटावर असायला हवा.)

डीबग बिल्ड बरोबर का चालतो? ऑप्टिमायझेशन बंद असताना क्लँग प्रत्येक आर्ग्युमेंट आधी स्टॅकवर ठेवतं. १६ बिटांचं म्हणून ते डीआयचे दोनच बाइट ठेवतं आणि वापरताना चिन्हासकट परत वाचतं. त्या ठेव-उचलीत कचरा आपसूक गळून पडतो. ऑप्टिमायझेशन चालू केलं की ही ठेव-उचल जाते आणि करार उघडा पडतो. ‘डीबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये नाही’ असं दिसलं की बहुतेक जण न भरलेला व्हेरिएबल शोधत बसतात. कोडच्या सीमेवर असेंब्ली किंवा दुसरी भाषा असेल तर आधी आर्ग्युमेंटाची रुंदी तपासा.

कास्टने फरक का पडला नाही, हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या फंक्शनात पॅरामीटर आधीच ‘इंट१६_टी’ आहे. त्याला पुन्हा ‘इंट१६_टी’चा कास्ट लावला तर कंपायलरच्या दृष्टीने काहीच करायचं उरत नाही, व्हॅल्यू त्या मर्यादेतच आहे असं तो आधीच गृहीत धरून बसला आहे. ‘वजन ३२७६७ पेक्षा जास्त असेल तर ६५५३६ वजा कर’ असा इलाज केलात तर तोही चालणार नाही. १६ बिटांचा साइन्ड आकडा ३२७६७ च्या वर जाऊच शकत नाही म्हणून ती अट ऑप्टिमायझर सरळ कापून टाकतो. सीमेवर मोडलेला शब्द आत बसून दुरुस्त होत नाही.

दुरुस्ती दोन ठिकाणी करता येते. पहिली आणि खरी असेंब्लीत: ‘मूव्हझेडडब्ल्यूएल’च्या जागी ‘मूव्हएसडब्ल्यूएल’. मेमरीतून लोड करतानाच चिन्ह पसरवलं जातं, वेगळी सूचना लागत नाही, वेळही जास्त जात नाही. त्याच कॉलमध्ये ८ बिटांचा काट्याचा क्रमांक जातो तो अनसाइन्ड आहे, त्याला ‘मूव्हझेडबीएल’ हवं. कोणतं वापरायचं हे सी मधल्या प्रोटोटाइपवरून (फंक्शनच्या घोषणेवरून) ठरतं, आकड्याच्या मोठेपणावरून नाही. दुसरी दुरुस्ती असेंब्लीला हात लावता येत नसेल तेव्हाची: सी मध्ये पॅरामीटर ‘इंट’ म्हणून घ्या आणि पहिल्याच ओळीत तो ‘इंट१६_टी’त कास्ट करून वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. आता कंपायलरला खरोखर १६ बिटांपर्यंत कापून चिन्ह पसरवावं लागतं. आधीचा कास्ट आणि हा कास्ट दिसायला सारखेच, पण पहिल्यातून एकही सूचना निघत नाही, दुसऱ्यातून ‘मूव्हएसडब्ल्यूएल’ निघते. हेडर फाइलमधला प्रोटोटाइपही बदलायला विसरू नका.

हीच युक्ती लिनक्स कर्नलमध्येही वापरली आहे, आणि तिथे कारण सुरक्षेचं होतं. पॉवरपीसी, एस३९०, स्पार्क आणि मिप्सच्या ६४ बिट प्रकारांवर कर्नलचा सी कोड असं धरायचा की ३२ बिटांचं आर्ग्युमेंट कॉल करणाऱ्याने नियमाप्रमाणे वाढवूनच दिलं आहे. पण सिस्टिम कॉल करणारा युजर प्रोग्राम असतो, तो मुद्दाम वरच्या बिटांत काहीही भरू शकतो. हे सीव्हीई-२००९-००२९ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी म्हणून नोंदलं गेलं. तेव्हापासून सिस्टिम कॉलच्या मॅक्रोमध्ये प्रत्येक आर्ग्युमेंट आधी ‘लाँग’ म्हणून घेतलं जातं आणि मग खऱ्या प्रकारात कापलं जातं. रुंद घ्या, मग अरुंद करा.

दुरुस्ती झाली हे नुसतं पडद्यावर बघून ठरवू नका. जीडीबी या डीबगरमध्ये फंक्शनच्या नावाआधी तारांकन लावून ब्रेकपॉइंट ठेवा, म्हणजे तो अगदी पहिल्या सूचनेवर थांबतो. तारांकन नसेल तर जीडीबी सुरुवातीची मांडणी ओलांडून थांबतं आणि तोवर रजिस्टर बदललेलं असू शकतं. तिथे आरडीआय हेक्समध्ये छापा. -१२ साठी खालच्या ३२ बिटांत एफएफएफएफएफएफएफ४ दिसलं पाहिजे. ००००एफएफएफ४ दिसलं तर दुरुस्ती लागू झालेली नाही. वरच्या ३२ बिटांकडे इथे लक्ष देऊ नका, ‘मूव्हएसडब्ल्यूएल’ ते शून्य करते आणि ते चालतं. मग पुढच्या पाच-सहा सूचना छापून फंक्शन ईडीआय वापरतं की डीआय, ते वाचा. त्यापेक्षा चांगली चाचणी अशी: असेंब्लीचा एक वेगळा चाचणी-तुकडा लिहा. दुसऱ्या दुरुस्तीनंतर पॅरामीटर ‘इंट’ झालेला असेल तर या तुकड्याने आरडीआयच्या खालच्या १६ बिटांत आकडा आणि वरच्या ४८ बिटांत ५ए५ए५ए५ए५ए५ए असा मुद्दाम कचरा भरून कॉल करायचा. आकडे -१, -१२, -३२७६८, ०, ३२७६७ घ्या. कचऱ्यासकट पाचही बरोबर आले तर ते फंक्शन कोणत्याही कॉलरसमोर टिकेल.

आता ३२ वरून ६४ बिटांकडे. इथे चूक जास्त वेळा उलट्या बाजूने होते: सी मधून असेंब्लीतल्या फंक्शनला कॉल. प्रोटोटाइपमध्ये ‘इंट’ इंडेक्स आहे आणि असेंब्ली तो पूर्ण आरडीआय म्हणून पत्त्यात मिसळते. इंटेल-लिनक्सवर वरच्या ३२ बिटांची हमी कोणीच देत नाही, जीसीसी नाही आणि क्लँगही नाही. बहुतेक वेळा आधीच्या ३२ बिटांच्या लिखाणाने तिथे शून्य असतं म्हणून कोड चालून जातो. उणे इंडेक्स आला किंवा कंपायलरने ६४ बिटांच्या गणितातून उरलेलं रजिस्टर तसंच पुढे दिलं, की प्रोग्राम कोसळतो. असेंब्लीच्या पहिल्या ओळीत साइन्डसाठी ‘मूव्हएसएलक्यू ईडीआय, आरडीआय’, अनसाइन्डसाठी ‘मूव्हएल ईडीआय, ईडीआय’ लिहा. दुसरी सूचना निरुपयोगी दिसते, पण ती वरचे ३२ बिट पुसते. किंवा प्रोटोटाइपच ‘साइझ_टी’ किंवा ‘पीटीआरडिफ_टी’चा करा. ‘लाँग’ टाळा: लिनक्सवर तो ६४ बिटांचा, ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ चा.

‘बूल’ला या करारात वेगळं कलम आहे. सिस्टिम-फाइव्हमध्ये तो देताना खालच्या ८ बिटांत ० किंवा १ एवढंच असलं पाहिजे; ८ च्या वरचे बिट मोकळे. असेंब्लीने ‘खरं’ म्हणून २ पाठवला तर कंपायलर ‘नाही’ काढण्यासाठी त्याला १ शी एक्सऑर करतो, उत्तर ३ येतं, आणि ‘काटा स्थिर आहे’ व ‘काटा स्थिर नाही’ या दोन्ही अटी खऱ्या ठरतात. ‘सेटएनई’सारखी सूचना वापरून आकडा एकावर आणूनच पाठवा.

विंडोजवर रजिस्टरं वेगळी: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९. त्यानंतरची आर्ग्युमेंटं स्टॅकवर, तीही ३२ बाइटची राखीव जागा सोडून. वरच्या बिटांची हमी नाही, घेणाऱ्याने झटकून घ्यायचं.

रास्पबेरी पाय ६४ बिट लिनक्सवर चालवला तर एआरएमचा एएपीसीएस६४ हा करार लागू होतो. आठ आर्ग्युमेंटं एक्स० ते एक्स७ मध्ये, वरचे बिट मोकळे, जबाबदारी घेणाऱ्याची. तिथे क्लँगही विसंबत नाही, म्हणून तुमची मूळ चूक पायवर दिसलीच नसती. एआरएमला हे परवडतं, कारण त्याच्या बेरजेच्या आणि पत्त्याच्या सूचनांमध्ये ‘हा डब्ल्यू० चिन्हासकट वाढवून घे’ असं त्याच सूचनेत सांगता येतं. ॲपलने त्याच प्रोसेसरवर करार बदलला: कॉल करणाऱ्याने ३२ बिटांपर्यंत वाढवून द्यायचं, आणि स्टॅकवरची आर्ग्युमेंटं ८-८ बाइटच्या खणात न ठेवता आपापल्या आकारात दाटीने. पायवर तपासलेली असेंब्ली मॅकवर जशीच्या तशी नेऊ नका. जुन्या ३२ बिट एआरएमवर कॉल करणाराच ३२ पर्यंत वाढवून देतो. तिथे ६४ बिटांचा आकडा सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून सुरू होतो, म्हणून (३२ बिट, ६४ बिट) अशा फंक्शनात आर१ रिकामा राहतो. हाताने मोजणारे इथे हमखास एक रजिस्टर चुकतात.

रिस्क-फाइव्हवर थोडं थांबायला हवं. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर याच घराण्यातले आहेत आणि स्वस्त बोर्डांवर हा संच आता सर्रास मिळतो. त्याचा नियम ऐकायला चमत्कारिक वाटतो. अरुंद आकडा आधी त्याच्या स्वतःच्या चिन्हाप्रमाणे ३२ बिटांपर्यंत वाढवायचा, आणि तिथून रजिस्टरच्या पूर्ण रुंदीपर्यंत नेहमी चिन्हासकट. म्हणजे ६४ बिटांच्या प्रकारावर ‘अनसाइन्ड इंट’सुद्धा साइन-एक्स्टेंड होऊन जातो. ४२९४९६७२९५ दिला तर रजिस्टरचे ६४ च्या ६४ बिट १ असतात.

असं का? या संचात ३२ बिटांची तुलना करणारी सूचनाच नाही. शाखा ठरवताना पूर्ण रजिस्टरांची तुलना होते. सगळे ३२ बिटांचे आकडे एकाच पद्धतीने पसरवलेले असतील तर समान-असमान बरोबर ठरतं, साइन्ड लहान-मोठं बरोबर ठरतं, आणि अनसाइन्डचंही, कारण २१४७४८३६४८ पासून वरचे सगळे आकडे ६४ बिटांच्या अगदी वरच्या टोकाला सरकतात पण त्यांचा आपसातला क्रम बदलत नाही. मिप्सच्या ६४ बिट प्रकारातही हीच पद्धत आहे.

यातली खोच सीआरसी-३२ (फ्रेम वाटेत बिघडली का हे ओळखायचा ३२ बिटांचा आकडा) तपासताना लागते. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) आलेल्या फ्रेमचा सीआरसी असेंब्लीत ‘एलडब्ल्यूयू’ने उचलला, म्हणजे वर शून्यं भरून, आणि सी फंक्शनला ‘यूइंट३२_टी’ म्हणून दिला. सी मधल्या कोडने आपला सीआरसी काढला तो साइन-एक्स्टेंड झालेला. दोघांचे खालचे ३२ बिट तंतोतंत सारखे, तरी ‘बीईक्यू’ ही समानता तपासणारी सूचना म्हणते वेगळे. वरचा बिट १ असलेल्या सीआरसींवरच हे होतं, म्हणजे साधारण दर दोनातली एक फ्रेम नाकारली जाते आणि माणूस केबल आणि अर्थिंग तपासत बसतो. इलाज: अनसाइन्ड असला तरी ३२ बिटांचा आकडा ‘एलडब्ल्यू’नेच उचलायचा. ‘यूइंट१६_टी’ला मात्र ‘एलएचयू’ आणि ‘इंट१६_टी’ला ‘एलएच’. वेगा मालिकेतला तेजस३२ ३२ बिटांचा आहे, तिथे ‘यूइंट३२_टी’ने रजिस्टर पूर्ण भरतं म्हणून हा त्रास नाही, तोच कोड ६४ बिटांच्या बोर्डावर नेला की सुरू होतो. आणखी एक: या संचाच्या मूळ ६४ बिट रूपात अनसाइन्ड ३२ बिट इंडेक्स पत्त्यात वापरायचा तर डावीकडे ३२, मग उजवीकडे ३२ असं दोनदा सरकवावं लागतं. लूपमध्ये ‘इंट’ किंवा ‘साइझ_टी’ ठेवा.

पॉवरपीसी आणि एस३९० वर कॉल करणारा थेट ६४ बिटांपर्यंत, प्रकाराच्या चिन्हाप्रमाणे वाढवतो आणि घेणारा त्यावर पूर्ण विसंबतो. एलएलव्हीएम (क्लँग ज्यावर उभा आहे तो कंपायलर-संच) वापरून स्वतःची भाषा बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: तिथल्या मधल्या भाषेत ८ किंवा १६ बिटांच्या पूर्णांकाला चिन्हच नसतं. ‘साइनएक्स्ट’ किंवा ‘झिरोएक्स्ट’ हा शेरा तुम्हीच जोडला पाहिजे, कॉलवर आणि फंक्शनवर दोन्हीकडे. इंटेलवर तो विसरला तरी बरेच दिवस निभावतं, या प्रोसेसरांवर नाही.

‘कॅर’ कोणत्या चिन्हाचा, हाही याच हिशेबातला मुद्दा. नुसता ‘कॅर’ इंटेलवर साइन्ड, एआरएम लिनक्स आणि रिस्क-फाइव्हवर अनसाइन्ड. म्हणजे त्याच प्रोटोटाइपला एका ठिकाणी एक विस्तार लागतो, दुसरीकडे दुसरा. आकडा पाठवायचा असेल तर ‘इंट८_टी’ किंवा ‘यूइंट८_टी’ स्पष्ट लिहा.

काट्याजवळ लोडसेल वाचायला अर्डुइनो उनो असेल तर तिथे रुंदीचं गणित आणखी अडचणीचं आहे, कारण ‘इंट’च १६ बिटांचा. उनोच्या एव्हीआर प्रोसेसरवर रजिस्टरं ८ बिटांची. आर्ग्युमेंटं आर२५ पासून खाली उतरत जातात आणि प्रत्येक आर्ग्युमेंट सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून धरतात. पहिलं ‘यूइंट८_टी’ आर२४ मध्ये, आर२५ मध्ये काय आहे ते विचारू नका. दुसरं आर२२ पासून. एचएक्स७११ ही लोडसेलची चिप २४ बिटांचा साइन्ड आकडा देते, -८३८८६०८ ते ८३८८६०७. तीन बाइट जोडताना सर्वांत वरचा बाइट ‘लाँग’ केल्याशिवाय १६ घरं सरकवला तर १६ बिटांच्या ‘इंट’मधून तो पूर्ण बाहेर जातो, भाषेच्या नियमानुसार ते अव्याख्यातच आहे. जोडून झालं की २४ चे ३२ करायचं काम कंपायलर आपोआप करून देत नाही, कारण ‘लाँग’मधला हा आकडा मुळात २४ बिटांचा आहे हे त्याला माहीतच नाही. सोपा मार्ग: आकड्याला ८३८८६०८ शी एक्सऑर करा आणि त्यातून ८३८८६०८ वजा करा. उणे-अधिक दोन्ही बरोबर येतात, अट लागत नाही.

त्याच उनोवर प्रिंटएफची गडबड ठरलेली. ठिपक्यांची आर्ग्युमेंट यादी असलेल्या (कितीही आर्ग्युमेंटं घेणाऱ्या) फंक्शनला कंपायलर प्रकार तपासून देत नाही. पूर्णांकांपैकी ‘कॅर’ आणि ‘शॉर्ट’ तेवढे ‘इंट’ होतात, ‘लाँग’ आहे तसा जातो. वजन ‘लाँग’ आहे आणि तुम्ही ते ‘पर्सेंट-डी’ने छापलं, तर चार बाइट ठेवले जातात आणि दोनच उचलले जातात. पुढचा ‘पर्सेंट-डी’ उरलेले दोन उचलतो. छापलं जातं ‘वजन ४०२, कट्टे ०’. वजन बरोबर, कट्ट्यांच्या जागी वजनाचा वरचा अर्धा भाग. ६४ बिटांच्या लॅपटॉपवर हेच बऱ्याचदा बरोबर छापलं जातं, कारण तिथे दोन्ही आकडे स्वतंत्र रजिस्टरांत असतात. ‘पर्सेंट-एल-डी’ वापरा आणि ‘डब्ल्यू-फॉरमॅट’ इशारा कधी बंद करू नका. याच कारणाने ‘एक्झेकएल’सारख्या फंक्शनची यादी नुसत्या ० ने संपवायची नाही, पॉइंटर प्रकारात कास्ट केलेल्या ० ने संपवायची, नाहीतर ३२ बिटांचं शून्य जातं आणि वरच्या ३२ बिटांची हमी राहत नाही.

प्रोटोटाइपशिवाय कॉल केल्यावर तर सगळंच ‘इंट’ गृहीत धरलं जायचं. हेडर न घेतलेल्या ‘मॅलॉक’चा ६४ बिटांचा पत्ता त्यामुळे ३२ बिटांवर कापला जायचा. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून अशी घोषणा नसलेली फंक्शनं ही थेट चूक धरली जाते. जुना कोड नव्या जीसीसीवर अडला तर ती चूक दाबणारा पर्याय शोधू नका, हेडर जोडा.

पायथनमधून सीटाइप्स या लायब्ररीने हेच बेरजेचं फंक्शन बोलावणार असाल तर ‘आर्गटाइप्स’ आणि ‘रेसटाइप’ दोन्ही लिहा. न लिहिल्यास परत येणारी व्हॅल्यू ३२ बिटांचा ‘इंट’ समजली जाते. फंक्शन १६ बिटांचा आकडा परत देत असेल तर वरचे १६ बिट भरवशाचे नाहीत, आणि पॉइंटर देत असेल तर तो अर्धा कापला जातो.

माझं मत विचाराल तर अरुंद प्रकार साठवणीसाठी ठेवा: फाइलमधली नोंद, फ्रेमचा स्ट्रक्ट, मोठा ॲरे. दोन भाषांच्या किंवा दोन कंपायलरांच्या सीमेवर ‘इंट३२_टी’ नाहीतर ‘इंट६४_टी’ द्या. रजिस्टर तसंही पूर्णच जातं, १६ बिट लिहून काही वाचत नाही. आणि सीमेच्या ज्या बाजूला तुम्ही स्वतः आहात तिथे करारापेक्षा एक पाऊल जास्त करा: देताना वाढवून द्या, घेताना कापून घ्या.

राहिल्या यंदाच्या नोंदी. तुमचा प्लॅटफॉर्म ३०० किलोचा आहे, म्हणजे खरं वाचन ३०००० एककांच्या वर जाऊ शकत नाही. फंक्शन बेरीज ३२ बिटांत ठेवतं, म्हणून साठवलेल्या नोंदींपैकी ३२७६८ ते ६५५३५ मधली प्रत्येक नोंद ही उणे वाचनाची बिघडलेली प्रत आहे, शंकेला जागा नाही. त्या नोंदीतून ६५५३६ वजा केलं की मूळ आकडा मिळतो. दिवसाच्या एकूण बेरजेत अशा दर नोंदीमागे नेमके ६५५.३६ किलो जास्त धरले गेले आहेत. तेवढे वजा करून काटापट्ट्यांशी ताळा घ्या, आणि ज्या दिवसांचा ताळा बसणार नाही त्या दिवसांच्या पट्ट्या पुन्हा हाताने मोजा.